गिटारचा पट्टा आणि आमचे भावजी

आमच्या भावजींचा जगात कशावरही विश्वास नाही. दाराला कुलूप लावलं की ते ओढून बघतात. चार पायऱ्या उतरतात, परत चढतात, परत ओढतात. "गॅस बंद केला का?" हे माझ्या धाकट्या जावेला त्यांनी लग्नापासून इतक्यांदा विचारलंय की ती आता झोपेतसुद्धा "केलाय, केलाय" म्हणते. तरी मला वाटतं, कुलपावर आणि बायकोवर त्यांचा थोडाफार भरवसा असावा. गिटारच्या पट्ट्यावर तेवढाही नाही.

हो, गिटारच्याच. कुणाला आमदार व्हायचं असतं, कुणाला देश हिंडायचा असतो, आमच्या भावजींना पट्टा. ज्याचं त्याचं नशीब.

मी त्यांची थोरली वहिनी. आमच्या बिल्डिंगच्या खालीच माझं शिवणाचं दुकान आहे. कपडे उसवून घट्ट-सैल करणं, पडदे, गणवेश, चेन बदलून मिळेल वगैरे. घराच्या खालीच असल्यामुळे घरातल्या प्रत्येकाला ते दुकान आपल्या तीर्थरूपांचं वाटतं. भावजी लिफ्टच्या कंपनीत आहेत. सकाळी टॉर्च घेऊन दुसऱ्यांच्या इमारतींतल्या लिफ्टच्या खड्ड्यांत उतरायचं, दोर तपासायचे, ब्रेक तपासायचे आणि सही ठोकायची, हे त्यांचं काम. सही झाली की स्वतः मात्र जिन्याने खाली येतात. का, तर म्हणे, "आत काय काय असतं ते मला माहीत आहे ना, वहिनी." वा रे वा! यांनी सही केलेल्या लिफ्टमध्ये लोकांनी देवाचं नाव घेऊन उभं राहायचं आणि यांनी जिने झिजवायचे.

ज्यांचा गिटारशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण माझाही नव्हता. उभं राहून वाजवायची तर गिटार खांद्याला अडकवावी लागते. तिच्या दोन टोकांना दोन बटणं असतात. शर्टाची नव्हेत, धातूची, स्क्रूने लाकडात बसवलेली. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना चामडं आणि चामड्यात भोक. भोकात बटण घातलं की झालं काम. पण वापरून वापरून भोक सैल होतं, आणि वाजवणारा अंगात वारं शिरल्यासारखा उड्या मारायला लागला की एखाद्या वेळी बटण निसटतं आणि गिटार धाडकन खाली. म्हणून लॉक निघाली. लॉकचा अर्धा भाग गिटारवर बसवायचा, अर्धा पट्ट्यावर. दोन्ही एकमेकांत टक् करून बसतात आणि मधलं बटण दाबून ओढल्याशिवाय सुटत नाहीत. झालं, संपलं. यात आयुष्य घालवण्यासारखं काय आहे, सांगा बरं. भावजींनी घालवलं.

याला कारण आहे. मी या घरात नुकतीच आले होते तेव्हाची गोष्ट. भावजी नुकतेच नोकरीला लागलेले, केस मानेपर्यंत, चालणं असं की रस्ता यांच्या मालकीचा. कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात त्यांनी गिटार वाजवायचं ठरवलं. स्वतःची साधीसुधी होती, पण साहेबांसमोर ती कशी चालेल? म्हणून जिवलग मित्राची भारीतली गिटार मागून आणली. दुसऱ्याच गाण्यात हे गर्रकन फिरले. हे एकीकडे फिरले आणि गिटार दुसरीकडे गेली. पट्टा खांद्यावर तसाच, गिटार स्टेजवर आडवी आणि तिची मान मोडलेली. मित्र "असू दे रे" म्हणाला आणि त्यानंतर भावजी दिसले की रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागला. आजही जातो. दोघांचे केस पिकले, तरी तो पलीकडच्याच फुटपाथवर.

त्या दिवसापासून भावजी स्टेजवर चढले नाहीत. केस कापले, लग्न केलं, माणसांत आले. गिटार वाजवतात ती घरी, स्टुलावर बसून. बसून वाजवतात आणि तरी पट्टा लावतात, पट्ट्याला दोन लॉक लावतात, आणि लॉकवर भरवसा नको म्हणून वरून बुटाची नाडी बांधतात! एकदा मी विचारलं, "भावजी, स्टूल पडलं तर?" मला वाटलं, हसतील. त्यांनी वाकून स्टुलाचे पाय हलवून बघितले.

माझ्याकडे जीन्स शिवायला जाड सुईचं मशीन आहे. ते भावजींनी बघितलं आणि माझी पनवती सुरू झाली. "वहिनी, एवढा एक टाका मारून द्या ना." एका टाक्याचे चार झाले, चाराची चौकट झाली, चौकटीत फुली आली. मी म्हटलं, "अहो, याला गिटार लटकवायची आहे का म्हैस?" तर म्हणाले, "लिफ्टच्या दोराला वजनाच्या कितीतरी पट ताकद ठेवतात, वहिनी." मग तो पट्टा गॅलरीच्या गजाला बांधून त्याला पाण्याने भरलेली बादली लटकवली आणि घड्याळ लावून तिच्याकडे बघत बसले. पट्टा नाही तुटला. बादलीची कडी निघाली. खालच्या मजल्यावरच्या बाईंचे वाळत घातलेले सगळे कपडे पुन्हा धुतले गेले आणि त्यांच्या तोंडून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. भावजींना मात्र आनंद. "बघा, पट्टा टिकला!"

आमच्या भागातली गिटार वाजवणारी झाडून सगळी पोरं त्यांना लिफ्टकाका म्हणतात. कुठे कार्यक्रम असला की हे मागच्या बाजूला हजर. "पट्टा बघू." पोरं निमूटपणे दाखवतात. बटणाचा स्क्रू लाकडात ढिला झाला असेल तर भावजी काड्यापेटीतल्या काड्या गोंदात बुडवून भोकात ठोकतात, वर स्क्रू पिळतात आणि मग भाषण देतात. "आज हिला टांगायचं नाही. रात्रभर वाळू दे. गोंदाला घाई केली की तो दगा देतो." पोरं बिचारी मान डोलावतात आणि त्या दिवशी खुर्चीत बसून वाजवतात. भावजींचं हे ज्ञान चोख होतं हो, मी नाही म्हणत नाही. इतकं चोख की दुसऱ्यांना सांगण्यातच सगळं संपायचं.

आता त्यांच्या लेकीचं सांगते. मी तिला टाचणी म्हणते, कारण अंगाने बारीक आहे आणि टोचते. गिटार बापानेच शिकवली. पण हात फिरायला लागला तशी ती बापाच्या चार पावलं पुढे गेली, आणि कुणाचीतरी वापरलेली विजेवरची गिटार मिळवली. तिला बापाची लॉक नकोत, फुली मारलेला पट्टा नको आणि बुटाची नाडी तर मुळीच नको. तिने काय केलं? माझ्या स्वयंपाकघरातल्या दोन काचेच्या बाटल्यांच्या झाकणांची लाल रबरं काढली आणि पट्टा अडकवल्यावर वरून बटणांवर चढवली. रबर जागचं हलत नाही, पट्टा रबराच्या मागून निसटत नाही. झालं तिचं लॉक. माझ्या दोन्ही बाटल्या तेव्हापासून गळतात, पण तिची गिटार एकदाही पडली नाही. दोन वर्षं कार्टीने उड्या मारल्या, लोळली, घरातल्या पलंगावरून खाली उडी घेतली, तरी नाही.

भावजींना ते रबर बघवायचं नाही. "भिकारडं दिसतं ते," म्हणायचे. "टिकतंय ना?" ती म्हणायची. "आज टिकतंय." "मग उद्याचं उद्या बघू." अशी त्यांची रोज जुगलबंदी. पण संध्याकाळी भावजी कामावरून आले की टाचणी बाहेरच्या खोलीत वाजवायला बसायची आणि भावजी पेपर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत. तासभर पेपरचं एक पान उलटायचं नाही. बोलायचे काही नाहीत, वाहवा तर नाहीच. पण त्या तासात कुणी दार वाजवलं तर त्यांच्या कपाळावर अशा आठ्या पडायच्या की आलेल्याने परत जावं. दिवसभर खड्ड्यात उभं राहून आलेल्या माणसाला तेवढा एकच तास होता. हे मी चेष्टेत नाही सांगत.

मग टाचणीला संधी आली. कॉलेजच्या मोठ्या मुलामुलींचा एक बँड होता, बऱ्यापैकी नाव झालेला. त्यांचा गिटारवाला परगावी गेला. बँड चालवणारी होती एक चष्मेवाली गाणारी मुलगी, अगदी रोखठोक. तिने दोघांना निवडलं. एक आमची टाचणी आणि दुसरा एक केसाळ मुलगा, ज्याचे डोळे मी अजून बघितलेले नाहीत. मोटारींच्या एका शोरूमचं उद्घाटन होतं, तिथे अर्धी गाणी हिने वाजवायची, अर्धी त्याने. जो बरा वाटेल तो बँडमध्ये, दुसरा घरी.

त्या आठवड्यात एकदा आम्ही सगळे एकत्र जेवायला बसलो होतो. टाचणीने घास खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, या वेळी माझ्या गिटारला हात लावायचा नाही."

"मी कुठे काय..."

"पट्ट्याला नाही, बटणाला नाही, स्क्रूला नाही."

"अगं, नुसतं बघतो."

"बघायचंसुद्धा नाही. तू हात लावलास ना, तर मी परत कधी तुझ्यासमोर वाजवणार नाही. शपथ."

जाऊ म्हणाली, "आधी जेवा गं." आमचे हे खाली मान घालून हसायला लागले. मीही हसणार होते, पण भावजींच्या तोंडाकडे बघितलं आणि माझं हसू तिथेच राहिलं. "नाही लावत," ते म्हणाले. लहान मुलासारखे दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी टाचणी गिटार आणि पट्टा घेऊन माझ्या दुकानात आली. पट्ट्याच्या एका टोकाचं चामडं शिवणीतून उसवलं होतं. "काकू, शिवून ठेव. उद्या मला कॉलेजमधून थेट तिकडे जायचंय, येताना तूच घेऊन ये. आणि बाबाला सांगू नकोस इथे आहे म्हणून." मी कशाला सांगू? मी पट्टा शिवला, रबरं होती तशी चढवली आणि गिटार कापडाच्या ताग्यांमागे उभी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी आले, गुडघ्यावर फाटलेली कामाची पँट घेऊन. त्याच वेळी माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलेलं, कोटाच्या बाह्या लांब झाल्या म्हणून. मी पडद्याआड त्याच्या बाह्या दुमडत होते. तोंडात टाचण्या. बाहेर खुडबुड ऐकू आली, मग स्क्रू फिरवल्याचा कर्रकर्र आवाज, मग गोंदाचा वास. तुम्ही तोंडात टाचण्या धरून कधी ओरडून बघितलंय? नका बघू.

बाहेर आले तर कापायच्या टेबलावर एक लाल रबर, एक जुनं बटण, एक जुना स्क्रू. आणि गिटारच्या बुडाशी नवंकोरं चकचकीत लॉक.

"भावजी! हे काय करून ठेवलंत?"

"काही नाही हो. खालच्या बाजूला सगळा भार येतो ना, तेवढंच एक बसवलं. जुना स्क्रू जाडा होता, याचा बारीक. म्हणून भोकात दोन काड्या घातल्या, गोंद लावून."

"आणि तिला काय वचन दिलंत?"

"वहिनी, ते बाटलीचं रबर आहे." त्यांनी ते रबर उचलून माझ्यापुढे धरलं. "तिथे सगळ्यांसमोर पडली तर? तिचं काय होईल? मला माहीत आहे काय होतं ते."

त्यांनी पट्टा ओढून दाखवला. हलला नाही. "आता हत्ती लटकवा."

"लटकवते. आधी तिला सांगा."

"सांगतो. मीच सांगतो. गिटार मीच घेऊन जातो तिकडे, तेव्हा सांगतो. तुम्ही मध्ये पडू नका."

आता तुम्हीच बघा. सगळ्या जगाला रात्रभर थांबायला लावणारे हे महाशय, आणि कार्यक्रम त्याच संध्याकाळी! पण मला कुठून सुचणार? माझ्या डोक्यात कोटाच्या बाह्या. त्यांच्याही ध्यानात आलं नाही, असं ते अजून सांगतात. ध्यानात आलं होतं, पण भीतीपुढे अक्कल गहाण पडली, असं माझं मत आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

शोरूम म्हणजे सगळीकडे काच आणि काचेत दिवेच दिवे. रिबिनी बांधलेल्या मोटारी, आणि त्यांच्यामध्ये फळ्यांचं स्टेज. स्टेजच्या अगदी पुढ्यात एक लाल मोटार उभी होती आणि तिच्या बाजूच्या कोचावर शोरूमचे मालक, मोटारीइतकेच पॉलिश केलेले. आम्ही चौघं मागच्या खुर्च्यांवर. मी भावजींना हळूच विचारलं, "सांगितलंत?" ते म्हणाले, "घाईत होती हो." म्हणजे बॅग तिच्या हातात दिली आणि पळून आले. शूर माणूस!

टाचणीने स्टेजवर बॅग उघडली, गिटार खांद्याला लावली आणि तिचा हात बुडाशी गेला. थांबली. वाकून बघितलं. मग मान वर करून एवढ्या गर्दीतून तिने बरोबर आमच्या रांगेकडे बघितलं. भावजींनी हसून हाताने ओढून दाखवायची खूण केली, "मी बघितलंय, पक्कं आहे." ती हसली नाही. आता बदलायला वेळ नव्हता, ड्रमवाल्याने काठ्या वाजवल्याच होत्या. तिने नजर फिरवली, ती अशी फिरवली की भावजींचा हात तसाच हवेत राहिला. जाऊ पुटपुटली, "गेलं सगळं."

पहिलं गाणं सुरेख झालं. केसाळ मुलगा बाजूला गिटार मांडीवर घेऊन बसला होता, त्याचा पाय आपोआप ताल धरायला लागला. दुसऱ्या गाण्यात मधला लांब तुकडा एकट्या टाचणीचा होता. गाणारी बाजूला झाली, टाचणी पुढे आली, मागे झुकली, एक सूर ताणला आणि वळली.

कर्र. एवढाच आवाज. मग धप्प, आणि मग त्या स्पीकरमधून अशी किंकाळी की मालकांनी कान झाकले. गिटारचं बूड स्टेजवर आपटलं होतं. मान तेवढी तिने डाव्या हाताने पकडली होती म्हणून वाचली. पट्टा तिच्या पाठीवर लोंबत होता. आणि लॉक? लॉक शाबूत होतं बरं का! पट्ट्याला लॉक, लॉकला बटण, बटणाला स्क्रू, स्क्रूला चिकटलेल्या दोन ओल्या काड्या. कुलूप जागच्या जागी, दरवाजाच उखडून हातात आलेला. असं लॉक बसवणारा दुसरा कारागीर मिळणार नाही.

ड्रमवाला वाजवत राहिला. चष्मेवालीने एकदा टाचणीकडे बघितलं, एकदा केसाळ मुलाकडे. तो मुलगा उठून उभा राहिला, गळ्यात गिटार घालायला लागला. टाचणी गिटार गुडघ्यावर टेकवून तशीच वाकलेली, तोंड पांढरंफटक. मी शेजारी बघितलं, भावजींना चार शब्द ऐकवायला, तर खुर्ची रिकामी.

भावजी स्टेजवर होते. कसे गेले, कुठून चढले, कुणास ठाऊक. जो माणूस इतकी वर्षं फळीच्या स्टेजवर पाय ठेवत नव्हता, तो गुडघ्यावर रांगत लेकीच्या मागे पोचला होता. त्यांनी लोंबणारा पट्टा धरला, गिटार उचलली, स्क्रू भोकात घातला आणि वरून अंगठा दाबून धरला. टाचणीने खाली बघितलं. मला वाटलं, आता ही त्यांना सगळ्यांदेखत स्टेजवरून ढकलणार. मी असते तर ढकललं असतं.

"धर," ती म्हणाली. माईक जवळच होता, आम्हाला ऐकू आलं. "आणि सुटला तर बघ."

आणि तिने वाजवायला घेतलं. जिथे तुटलं होतं तिथूनच. शहाणी असती तर एका जागी उभी राहिली असती. पण नाही. ती पुढे गेली, हे वाकून पुढे. ती डावीकडे, हे फरपटत डावीकडे. ती वळली की हे तिच्यामागून अख्खी प्रदक्षिणा घालायचे. नवा इस्त्रीचा शर्ट पँटच्या बाहेर आलेला, घाम गळतोय, आणि अंगठा स्क्रूवर. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. शिट्ट्या सुरू झाल्या. मालक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. आमचे हे मला विचारतात, "हा काय करतोय तिथे?" मी म्हटलं, "लॉक आहेत ते. गप बसा."

म्हटलं खरं, पण माझेच डोळे वाहायला लागले होते. लपवू कशाला? जाऊ तर हसत होती का रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. तो माणूस दिव्यांच्या झोतात, सगळ्यांसमोर, जिथे उभं राहायला मरणाचा भ्यायचा तिथे, आणि त्याला त्याचं भानही नव्हतं. तो फक्त स्क्रूकडे बघत होता.

गाणं संपलं तसे दोघं तसेच एकमेकांना जोडलेले स्टेजवरून उतरले. "आता काढ हात," टाचणी म्हणाली. भावजींचा अंगठा सरळ होईना. मी चोळून दिला. थोड्या वेळाने चष्मेवाली आली, टाचणीला म्हणाली, "मंगळवारपासून ये सरावाला." मग भावजींकडे वळली. "काका, तुम्ही नका येऊ."

संपलं असतं तर बरं झालं असतं. पण शपथ म्हणजे शपथ, आणि पोर बापाचीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावजी कामावरून आले, पेपर घेऊन कोपऱ्यात बसले. टाचणी समोरून गेली, गिटार उचलली आणि जिना उतरून माझ्या दुकानात आली. "काकू, मी इथे बसून वाजवणार आजपासून." त्या संध्याकाळी भावजी रात्रीच्या जेवणापर्यंत तसेच खुर्चीत होते, असं जावेने सांगितलं.

"माझं चुकलं," ते तिला म्हणाले. "हो," ती म्हणाली. बस्स, एवढंच. जावेने समजावलं, मी खडसावलं, आमच्या ह्यांनी आइस्क्रीम आणलं. तिने आइस्क्रीम खाल्लं आणि गिटार घेऊन खाली आली. बोलायची त्यांच्याशी, जेवायला वाढायची, कामाचे कपडे वाळत घालायची. पण गिटार तिने त्यांच्यासमोर काढली नाही. भोक तिने स्वतःच बुजवलं आणि दोन दिवस त्या भोकाला हात लावला नाही. भावजी लांबून बघत होते.

माझे मात्र हाल. एक तर तिच्या त्या स्पीकरचा आवाज मशीनच्या आवाजावर कुरघोडी करतो. त्यात ही बया दार उघडं टाकून वाजवते. रस्त्यावरची धूळ सगळी आत, पांढऱ्या गणवेशांवर. "दार लाव गं!" मी रोज ओरडायची. "असू दे, काकू. गरम होतं." "पंखा लाव मग." "पंख्याने सूर बिघडतो." पंख्याने सूर बिघडतो म्हणे! मी दार लावायची, ही उठून उघडायची. स्पीकरसुद्धा आत माझ्याकडे नाही, रस्त्याकडे तोंड करून ठेवायची. मी म्हटलं, मोठ्या बँडमध्ये गेली ना, आता सगळ्या रस्त्याने ऐकायला पाहिजे हिला.

परवा संध्याकाळी मी दोरा तोडायला मान वर केली तर रस्त्यापलीकडे, बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीजवळ भावजी. अंगात कामाचे कपडे, खांद्याला हत्यारांची पिशवी. कुणी बघू नये म्हणून विजेच्या खांबावरची पेटी न्याहाळल्याचं नाटक करत होते, जसा काही तो खांब यांच्या कंपनीचा आहे. इतका राग आला मला! त्यांचा नाही, कार्टीचा. मशीन बंद करून मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ए भवाने, तुझा बाप तिथे चोरासारखा उभा आहे. दिवसभर खड्ड्यात राबून आलेला माणूस. किती छळशील त्याला? मी आत बोलावते."

"नको," ती म्हणाली. वर बघितलंही नाही, तारा जुळवत होती. "रोज येतो तो. माहितेय मला."

"माहितेय?"

"मग दार कशासाठी उघडं ठेवते मी, काकू?" तिने मान वळवून पलीकडे एक नजर टाकली आणि पट्टा खांद्यावर नीट केला. "सरक ना तू, मध्ये येतेस. आज उशिरा आलाय तो. पहिल्यापासून वाजवते."